रक्तगट आणि कर्करोग

‘माझा रक्तगट ए आहे, मला कर्करोगाचे भय अधिक काय?’ असा प्रश्न पुष्कळदा कानी पडतो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो.

व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मानवी रक्ताचे गट दाखवून दिले. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे इंग्लंडमध्ये मॉर्गन आणि वॉटकिन्सबाई यांनी या भेदाचे मर्म उकलले. पेशीवर शर्करांची एक साखळी असते. तिच्या टोकाला कोणती शर्करा जडली आहे, यावरून ए की बी हे ठरते. ओ गटात ती जागा मोकळी असते. ही साखळी केवळ तांबड्या पेशींवर नसते. जठर, फुप्फुस, मूत्राशय यांच्या अस्तरावरही ती सापडते.

१९५३ साली लंडनचे शल्यविशारद इयन एअर्ड व त्यांचे सहकारी यांनी जठराच्या कर्करोगाच्या हजारो रुग्णांचे रक्तगट तपासले. ए गटात हा रोग ओ गटाच्या मानाने सुमारे एकपंचमांशाने अधिक आढळला. हा फरक खरा, पण लहान. ए गटाच्या बहुसंख्य माणसांना हा रोग कधीच होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे कळली. जन्मतः लाभलेली खूण कर्कपेशी पुष्कळदा गमावून बसते. १९९१ साली फुप्फुसाच्या कर्करोगाविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ए अथवा एबी गटाच्या ज्या रुग्णांच्या गाठीत ए खूण टिकून होती, त्यांचे मध्यम आयुर्मान ७१ महिने भरले. जिथे ती लोपली होती, तिथे अवघे १५ महिने.

मग खूण नसणे हाच रोग काय? मुळीच नव्हे. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत असे लोक शोधले की, ज्यांच्या रक्तपेशींवर या साखळीचा पायाच नव्हता. ‘बाँबे गट’ म्हणून जगभर ओळखली जाणारी ही माणसे निरोगी असतात; मात्र त्यांना रक्त त्याच गटाचे लागते. तात्पर्य, जन्मतः नसणे निराळे आणि असलेले गमावणे निराळे. दुसऱ्या प्रकारात पेशीने आपली मूळ शिस्त सोडल्याची ती साक्ष असते.

म्हणून रक्तगटाच्या चिठ्ठीकडे पाहून कोणी धास्ती घेऊ नये. रक्तगट बदलणे आपल्या हाती नाही. तंबाखू सोडणे आणि वेळेवर तपासणी करून घेणे मात्र निश्चित आहे.