सही बाईंची, कारभारही बाईंचा

वाचकहो, तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीत आज एखादी बाई सरपंच असेल. महाराष्ट्रात २०११ सालापासून पंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखलेल्या आहेत. पण पुष्कळ ठिकाणी काय दिसते? सही बाईंची आणि कारभार यजमानांचा! बायकांना पुढे आणायचे म्हणजे पुरुषाने नेमके करायचे काय? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका प्रोफेसरांनी याचे उत्तर आपल्या वागण्यातून दिले. तीच हकीगत आज सांगतो.

धोंडो केशव कर्वे हे कोकणातल्या मुरूडचे. १८९१ साली ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच साली त्यांची पत्नी वारली. तेव्हा विधुर पुरुषाने कोवळ्या मुलीशी लग्न लावणे हा रिवाजच होता. कर्व्यांनी तसे केले नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी त्यांनी १८९३ मध्ये विवाह केला. झाले! मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले. पण कर्वे डगमगले नाहीत. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर नेला. आरंभी तिथे होती एक साधी झोपडी. कर्वे रोज पायी हिंगणे-पुणे करीत, कॉलेजात शिकवीत आणि वर्गणीसाठी लोकांचे उंबरठे झिजवीत.

इथवर तुम्ही म्हणाल, ही तर दयेची गोष्ट झाली. अनाथ बायकांना आसरा दिला, छान केले. पण खरी गंमत पुढेच आहे.

गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले. विशीत वैधव्य आले, पदरात एक मुलगा, आणि रिवाजाप्रमाणे केशवपन झालेले. त्या आश्रमात आल्या, शिकल्या आणि तिथेच कामाला लागल्या. पुढे आश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. मग निधी जमवण्याचे कामही त्यांनी अंगावर घेतले. डोक्यावरून पदर घेतलेली एक विधवा गावोगाव जाते, चारचौघांत उभी राहून बोलते आणि संस्थेसाठी पैसे मागते! त्या काळी हे पाहून लोकांनी तोंडात बोटे घातली असतील. 'बायकांना काय जमणार' असे म्हणून कर्व्यांना ते काम आपल्याच हाती ठेवता आले असते. पण संस्थेची अब्रू त्यांनी एका बाईच्या हाती विश्वासाने सोपवली.

पार्वतीबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. इंग्रजी शिकायचेच, या ओढीने त्या १९१८ साली अमेरिकेस गेल्या. वय पन्नाशीकडे झुकलेले. तिथे लोकांच्या घरी कामे करून त्यांनी पोट भरले, पण हेतू सोडला नाही. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापले, त्यामागे अशा बायकांच्या कर्तृत्वाचा अनुभव होता.

पुण्यातलेच दुसरे उदाहरण घ्या. १९०९ साली पुणे सेवासदन निघाले. अध्यक्षपदी रमाबाई रानडे, आणि संघटनेची सारी धावपळ गोपाळ कृष्ण देवधर यांची. पुरुष राबतो आहे आणि अध्यक्षस्थानी बाई आहे, ही व्यवस्था देवधरांना कमीपणाची वाटली नाही. या संस्थेच्या खटपटीतून कितीतरी स्त्रिया शिक्षिका आणि परिचारिका होऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

मंडळी, कर्वे काय किंवा देवधर काय, भाषणे त्यांनीही केली असतील. पण बायका पुढे गेल्या त्या त्यांना शिक्षण मिळाले, जबाबदारीचे काम मिळाले आणि अधिकार मिळाला म्हणून. आणि काम सोपवल्यावर ही माणसे मधे मधे लुडबुडली नाहीत.

तेव्हा गावच्या कारभारी मंडळींनो, ग्रामसभेत सरपंचबाईंनाच बोलू द्या. हिशेबाची वही त्यांच्यापुढे ठेवा. अडले तर समजावून सांगा, पण निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या. आणि गुरुजी, शाळेतल्या शिक्षिकेकडे हळदीकुंकवाची आणि रांगोळीचीच कामे का जावीत? शाळेचा जमाखर्च, परीक्षांची व्यवस्था, मुख्याध्यापकपदाची तयारी हीही त्यांच्याकडे येऊ द्या. पहिल्या खेपेला चूक होईल. आपल्याही झाल्याच होत्या की!