मिष्टान्नांच्या उज्जयिनीत मिताहार

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ची कथा उज्जयिनीत घडते, हे देवलांच्या मराठी नाटकामुळे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. मूळ नाटकातील मैत्रेय चारुदत्ताचे वैभवाचे दिवस आठवतो, ते त्याच्या घरी रात्रंदिवस खाल्लेल्या सुगंधी मोदकांच्या आठवणीने. पुढे वसंतसेनेच्या वाड्यातील पाकशाळा पाहून त्याच्या तोंडास पाणी सुटते. आणि तिची अतिस्थूल माता दृष्टीस पडताच, हिला आधी आत बसवून मग दार बांधले की काय, अशी थट्टा तो करतो. प्रेक्षक हसतात व प्रवेश पुढे सरकतो. त्या बाईच्या बाजूने मात्र कोणी बोलत नाही. मोठ्या कष्टाने उतरविलेले वजन पुन्हा चढले, आणि आता पोळी-भात कमी करून, गोड वर्ज्य करून पुन्हा आरंभ करावयाचा आहे, अशा माणसाची आजही अशीच थट्टा होते. त्याची बाजू जुन्या आणि नव्या वैद्यकात कशी मांडली आहे, तेवढेच येथे पाहावयाचे आहे.

उज्जयिनीशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर, म्हणजे शेणवी घराण्यातील पुरुष, यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेली, तरी मराठी घरे माळव्यात राहिली. काळ्या जमिनीचा हा प्रदेश गव्हाचा. येथील जेवण म्हणजे तुपात बुडविलेला दाल-बाफला, येथील न्याहारी म्हणजे पोह्यांसोबत जिलबी, आणि महाकालाचा प्रसाद म्हणजे बेसनाचा लाडू. ज्यास गोड सोडावयाचे आहे त्याने राहण्यास याहून कठीण गाव निवडू नये!

याच गावी 2022 च्या फेब्रुवारीत एक विलक्षण पैज लागली. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी उज्जैनच्या जाहीर सभेत खासदार अनिल फिरोजिया यांस सांगितले की, तुम्ही जितके किलो वजन उतरवाल, तितके हजार कोटी रुपये या भागाच्या विकासासाठी देऊ. आपलेही वजन पूर्वी 135 किलो होते, ते 93 वर आणले, हेही त्यांनी सांगून टाकले. फिरोजिया तेव्हा 127 किलोंचे होते. पहाटे उठून चालणे, व्यायाम, आणि जेवणात कोशिंबीर, एक वाटी हिरवी भाजी व मिश्र धान्याची एकच पोळी, असा क्रम त्यांनी धरला. जूनपर्यंत 15 किलो व ऑक्टोबरपर्यंत 32 किलो उतरले. हिशेबाने 32,000 कोटी व्हावयाचे. मंजूर झाली ती सुमारे 2,300 कोटींची कामे. पैजेतील विनोद सोडून दिला तरी एक गोष्ट राहते. ज्या माणसाकडे सारा जिल्हा तराजू घेऊन पाहत आहे, त्यास जिलबीचे ताट परत करणे सोपे जाते. आपल्यासारख्यांस असा तराजू नसतो. घरी कोणी पाहत नाही, आणि पाहुणा म्हणून गेल्यावर ‘एक तरी घ्याच’ हा आग्रह सुटत नाही.

चरकाने सूत्रस्थानाच्या 21 व्या अध्यायात अतिस्थूलाचा विचार केला आहे. जड, गोड, स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप ही कारणे तो देतोच. परंतु त्यांच्या जोडीस बीजस्वभाव, म्हणजे जन्मतःच आलेली प्रकृती, हेही एक कारण म्हणून नोंदवितो. आणखी लक्षणीय असे की, मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यात फिरून अग्नी भडकवितो, म्हणून स्थूल माणसास भूक अधिक लागते व खाल्लेले लवकर जिरते, असे तो म्हणतो. म्हणजे ही भूक केवळ जिभेचे चोचले नव्हेत, ती रोगाचाच भाग आहे. उपायही त्याला धरूनच आहे: पचावयास जड परंतु पोषण थोडे असे अन्न, जव, सावा, हरीक, मूग, कुळीथ, ताक, आणि व्यायाम व जागरण एकदम न वाढविता क्रमाक्रमाने. धान्येच सांगितली असल्याने हा आजच्या अर्थाने अल्पपिष्ट आहार नव्हे, हे खरे. तरी कुळथाची पिठी आवडीने खाणाऱ्या आमच्या कोकणी वाचकांस ही यादी परकी वाटू नये.

आधुनिक काळात पिष्ट व साखर सोडण्याचा उपाय लोकांपुढे आणला तो विल्यम बँटिंग या लंडनच्या गृहस्थाने. त्याचा व्यवसाय अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. त्याने आधी नाव वल्हविण्याचा व्यायाम केला. त्याने भूक वाढली आणि वजनही वाढले. अखेर हार्वे नावाच्या डॉक्टरच्या सल्ल्याने पाव, साखर, बटाटा, बिअर सोडल्यावर वर्षभरात 46 पौंड उतरले, आणि 1863 मध्ये त्याने आपला अनुभव पुस्तिकारूपाने छापला. स्वीडिश भाषेत वजन उतरविण्याच्या क्रियेस अजून त्याच्या नावावरूनच शब्द आहे.

उतरलेले वजन परत का येते, यावर मेलबर्न येथील संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वाचनीय आहे. दहा आठवडे अत्यल्प आहार घेऊन वजन उतरविलेल्यांची भूक वर्षभरानंतरही पूर्वीपेक्षा अधिक होती, आणि भुकेशी संबंधित द्रव्ये रक्तात मूळ प्रमाणावर आली नव्हती. चरकाचा वायू आणि ही द्रव्ये एकच, असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो. परंतु पुन्हा जाड झालेल्यास ‘मनाचा दुबळा’ ठरविणाऱ्यांनी हे दोन्ही वाचावे. (मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र पिष्ट एकाएकी तोडू नये; मात्रा बदलावी लागते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.)

आता आपल्या उपवासाकडे वळू. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच केली. परंतु आज दुप्पट खातो ते काय? बटाटा पोर्तुगीजांनी आणला, त्याचे नावही त्यांचेच; साबुदाणा होतो तो दक्षिण अमेरिकेतून आलेल्या टॅपिओकाच्या कंदापासून, आणि सेलमकडे त्याचा उद्योग 1940 नंतरच्या दशकात उभा राहिला. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पिष्टच सुमारे 87 ग्रॅम असते, प्रथिन नाममात्र. धर्माच्या नावाने आपण जपतो ती खिचडी आपल्या खापरपणजीच्या एकादशीस असेलच, असे नाही. मग ताटातून ती काढण्यास धर्माची अडचण कोणती? दही, काकडी, ताक, ओले खोबरे, दुधी, दाण्याची आमटी एवढ्यावर एकादशी बिनबोभाट निभते. (भुईमूगही अमेरिकेचाच, पण तो पोट धरून ठेवतो.) महाकालाच्या लाडवाचे म्हणाल, तर तो हाती येताच कपाळी लावावा, कणभर तोंडात टाकावा, आणि उरलेला दारातील मुलांस वाटून टाकावा; डबा मात्र आपल्या घरी फडताळात ठेवू नये.