कायन्युरेनीन मार्ग

ट्रिप्टोफॅन या आवश्यक ॲमिनो अम्लाचे विघटन करणारी व पांढऱ्या रक्तपेशींच्या प्रतिरक्षा सहनशीलतेस हातभार लावणारी विक्रियाशृंखला (पहा : ॲमिनो अम्ले, चयापचय).

या मार्गात तयार होणारे कायन्युरेनिक अम्ल यूस्टुस फोन लीबिग यांना १८५३ मध्ये कुत्र्याच्या मूत्रात आढळले. ट्रिप्टोफॅन हॉपकिन्स व कोल यांनी १९०१ मध्ये वेगळे केले. या मार्गाचा प्रतिरक्षेशी संबंध मात्र १९९८ मध्ये मन, मेलर व सहकाऱ्यांच्या प्रयोगातून पुढे आला. गाभण उंदरांना ट्रिप्टोफॅनचे विघटन करणाऱ्या आयडीओ (इंडोलअमाइन २,३-डायऑक्सिजनेज) या एंझाइमाचे निरोधक १-मिथिल ट्रिप्टोफॅन दिले असता जनुकीयदृष्ट्या भिन्न नराचे गर्भ मातेच्या टी-पेशींनी नाकारले. समजनुकीय गर्भ टिकले (पहा : वार).

यकृतात ट्रिप्टोफॅनचे विघटन मुख्यतः टीडीओ (ट्रिप्टोफॅन २,३-डायऑक्सिजनेज) एंझाइमाने होते. भक्षी पेशी व डेंड्रायटिक पेशींत इंटरफेरॉन गॅमामुळे आयडीओ तयार होते. त्याचा परिणाम दुहेरी असतो. भोवतालचे ट्रिप्टोफॅन घटल्याने टी-पेशींतील जीसीएन२ कायनेज जागृत होऊन त्यांचे विभाजन मंदावते. दुसरीकडे, विघटनातून तयार होणारे कायन्युरेनीन हे अरिल हायड्रोकार्बन ग्राहीला जोडले जाऊन नियामक टी-पेशींच्या निर्मितीस चालना देते. आतड्यातील जीवाणूंनी ट्रिप्टोफॅनपासून बनविलेली काही इंडोल संयुगेही याच ग्राहीवर कार्य करतात.

अनेक अर्बुदे या मार्गाने प्रतिरक्षेपासून बचाव साधतात (पहा : कर्करोग). तथापि एपाकाडोस्टॅट हे आयडीओ निरोधक पेम्ब्रोलिझुमॅब या औषधासोबत देण्याची प्रगत मेलॅनोमावरील तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०१८ मध्ये अयशस्वी ठरली.