इंजिनाच्या शोधात मरुत

बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याची स्थापना डिसेंबर 1940 ची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने तो काढला, आणि महायुद्धाच्या धामधुमीत 1942 मध्ये सरकारने तो आपल्या हाती घेतला. तेव्हा काम होतं ते जोडणीचं आणि दुरुस्तीचं. तिथे स्वतःचं विमान आखायची भाषा करणारा माणूस म्हणजे कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेले घाटगे सुरुवातीलाच कारखान्यात दाखल झाले. आधी दहा आसनी ग्लायडर, मग ऑगस्ट 1951 मध्ये उडालेलं एचटी-2 हे प्रशिक्षण विमान, पुढे पुष्पक, कृषक आणि 1964 मधलं किरण हे जेट. संकल्पन विभाग असा पायरीपायरीने वाढत होता.

मधल्या काळात मात्र सरकारने एकदम मोठी उडी घ्यायची ठरवली. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं लढाऊ विमान हवं होतं. त्यासाठी फॉके-वुल्फ 190 चे जनक कुर्ट टँक 1956 मध्ये अर्जेंटिनाहून बंगळूरला आले. हाताशी अनुभवी भारतीय संकल्पक अगदी मोजके, मोठा विंड टनेल नाही, धातूचं नवं विमान घडवायची हत्यारं अपुरी. तरी 1959 मध्ये पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर तयार झालं. डाकोटा विमानाच्या मागे दोराने बांधून ते वर नेत आणि मोकळं सोडत. अशा 78 फेऱ्या झाल्यावर उतरताना पुढचं चाक बाहेर आलं नाही आणि ग्लायडर मोडलं, पण तोवर हवेतल्या वागणुकीची पुरेशी माहिती हाती आली होती. 17 जून 1961 रोजी वैमानिक सुरंजन दास यांनी खरं एचएफ-24 उडवलं. मरुत ते हेच.

विमान उडालं, पण ज्या इंजिनासाठी त्याचा सांगाडा आखला होता ते कधी मिळालंच नाही. हिशोब ब्रिस्टलच्या ऑर्फियस 12 वर केलेला होता. आफ्टरबर्नरसह, म्हणजे मागच्या बाजूला जादा इंधन जाळून, त्याचा रेटा सुमारे 3,700 किलो. नाटोच्या लढाऊ विमानांच्या स्पर्धेतून हवी तशी मागणी आली नाही तेव्हा ब्रिटनने त्या इंजिनावरून हात काढला. उरलेल्या विकासाचा खर्च भारताने उचलला तर पुढे जाऊ, असा प्रस्ताव होता. दिल्लीने नकार दिला. मग मरुतमध्ये आफ्टरबर्नर नसलेली ऑर्फियस 703 ही दोन इंजिनं बसवली गेली, प्रत्येकी 2,200 किलोची. दुप्पट वेगाचं विमान ध्वनीच्या वेगाच्या आसपासच अडकलं. परकीय सत्तांनी डाव साधून मरुत मारलं, असं आपल्याकडे बोललं जातं. माझ्या मते निर्णय आपल्याच फायलीवर झाला होता, आणि त्यात वाचवलेल्या पैशाइतकी महाग बचत त्या दशकात दुसरी नसेल.

मरुतच्या आवृत्त्यांचा इतिहास हा त्यानंतरचा इंजिनशोध आहे. सोविएत आरडी-9 चा विचार झाला, काही इंजिनं आणून चाचण्याही घेतल्या, पण ती पसंतीस उतरली नाहीत. नंतर नजर वळली इजिप्तकडे. तिथे हेलवानला मेसरश्मिट यांचं एचए-300 हे विमान आणि फर्डिनंड ब्रांडनर यांचं ई-300 हे इंजिन आकाराला येत होतं. योगायोग असा की एचए-300 चं पहिलं उड्डाण, 7 मार्च 1964 चं, आपल्याच कपिल भार्गव यांनी केलं. मरुतचा एक नमुना इजिप्तला गेला. एका बाजूला ई-300 आणि दुसऱ्या बाजूला ऑर्फियस अशा बेमेळ जोडीने मार्च 1967 मध्ये तो हवेत गेला. तीन महिन्यांत अरब-इस्रायल युद्ध पेटलं, आणि 1969 मध्ये इजिप्तने तो प्रकल्पच गुंडाळला. आपली माणसं रिकाम्या हाताने परतली.

घरचा प्रयत्न बंगळूरच्या जीटीआरई या संस्थेचा. ऑर्फियस 703 लाच आफ्टरबर्नर जोडायचा. कल्पना साधी वाटते, पण अडचण विमानाच्या शेपटाकडे होती. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मरुत ठेवलेलं आहे. कधी गेलात तर ते मागून पाहा. दोन इंजिनांची तोंडं अगदी लगत, अंगाला चोपून बसवलेली दिसतील. आफ्टरबर्नर आला की मागचा घेर वाढतो, घेराबरोबर हवेचा अवरोध वाढतो, आणि मिळालेल्या रेट्यातला बराचसा भाग तिथेच खर्ची पडतो. 10 जानेवारी 1970 रोजी याच प्रकारच्या नमुन्यात उड्डाण घेताना अपघात झाला आणि सुरंजन दास गेले. मरुतचं पहिलं उड्डाण करणारा माणूस त्याच्याच सुधारित आवृत्तीत गेला. आफ्टरबर्नरचं मरुत उत्पादनापर्यंत पोचलं नाही. त्यानंतरचं एचएफ-73 तर कागदावरच राहिलं. टोर्नाडो विमानाचं आरबी-199 इंजिन त्यात बसवायचा बेत होता, तो जुळला नाही. दूरच्या हल्ल्याचं विमान हवाई दलाने 1978 मध्ये बाहेरून निवडलं: जग्वार.

दोन आसनी मरुत तेवढं एप्रिल 1970 मध्ये उडून सेवेत आलं. एकूण 147 मरुत बनले. 1971 च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी जमिनीलगतचे हल्ले चोख केले. शत्रूच्या विमानाशी लढताना एकही मरुत पडलं नाही, उलट के. के. बक्षी यांनी मरुतमधून एक सेबर पाडलं. मूळ सांगाडा किती चांगला होता हे यावरून कळतं.

याच काळात संस्थेचा चेहराही पालटत होता. 1962 मध्ये मिग-21 परवान्यावर बनवायचं ठरलं, आणि 1 ऑक्टोबर 1964 रोजी दोन सरकारी कंपन्या एक होऊन आजची हिंदुस्थान एअरोनॉटिक्स झाली. मिगचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादेत, अशी वाटणी ठरली. मी हैदराबादच्या नल्लकुंट्यात राहतो. इथून वायव्येला बालानगरचा कारखाना आहे तो या वाटणीतला, 1965 चा. पुढे तेजस या लढाऊ विमानाच्या रडारच्या कामात त्याचा वाटा राहिला. मिग गरजेचंच होतं, 1962 च्या चीन युद्धानंतर हवाई दलाला थांबणं परवडणारं नव्हतं. पण परक्याच्या आराखड्यावरून शेकडो विमानं काढणं आणि स्वतःचा आराखडा आखणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला पैसा, माणसं, मान सगळं मिळालं. टँक 1967 मध्ये कारखाना सोडून गेले, आणि मरुतवर तयार झालेल्या संकल्पकांच्या हाती त्यानंतर पुढचं लढाऊ विमान पडलं नाही. तेजसचं पहिलं उड्डाण 4 जानेवारी 2001 चं. मरुतनंतर जवळजवळ 40 वर्षांनी.

त्याच जीटीआरईकडे तेजससाठी कावेरी इंजिनाचं काम 1989 मध्ये सोपवलं गेलं. 2008 मध्ये ते तेजसपासून वेगळं काढण्यात आलं. 17 ऑक्टोबर 2025 रोजी ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं. त्यात अमेरिकेच्या जीईचं एफ-404 इंजिन आहे, आणि मार्क-1ए विमानं हवाई दलाला ठरल्या वेळी न मिळण्याचं एक मोठं कारण या इंजिनांचा पुरवठा रखडणं हेच होतं.