मढ्याची वर्दी नेणाऱ्याच्या मरणाची नोंद कुठे?

रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे गोडवे आपण नेहमी ऐकतो. अस्थी घेऊन कोण आले, गाव कोणते, बाप-आजा कोण, सगळे लिहिलेले. पण त्या वह्या यजमानांच्या आहेत. 1930 साली ज्यांना काळाराम मंदिराच्या दारात अडवले, त्यांच्या आज्या-पणज्यांची नामावळी कोण लिहिणार होते?

चर्चच्या दफन-नोंदींचे पाहा. मुंबई इलाख्यातल्या या नोंदींच्या नकला लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. देवळाली छावणीत मेलेल्या गोऱ्या शिपायाचा माग त्यातून काढता येतो.

आणि आपण? मढ्याची वर्दी घेऊन परगावी पायी जाणारा महार. सरणाची लाकडे वाहणारा महार. मढ्यावरचे कापड 'हक्क' म्हणून घेणाराही महारच. (हक्क म्हणे!) गावाच्या मरणाचा भार ज्याच्या डोक्यावर, त्याच्या हाती लेखणी नव्हती. लेखणी कुलकर्ण्याकडे होती. ही वतनाची गुलामगिरी 1874 च्या कायद्याने पक्की केली. तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा झाला तो थेट 1958 साली.

तरीही आपल्या माणसांचा माग लागू शकतो. गाव नमुना नंबर 14, म्हणजे गावची जन्म-मृत्यू नोंदवही, तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधा. जुनी पाने बऱ्याचदा मोडीत असतात. कुणबी नोंदी शोधायला 2023 पासून सरकारी यंत्रणा हीच दप्तरे उघडते आहे. मग आपल्या पोरांनी मोडी का शिकू नये? अनुसूचित जातीच्या पडताळणीत 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात, तेव्हा पणजोबाच्या मृत्यूची एक ओळ कामाला येते. कुलकर्ण्याने नावापुढे जात लिहिली ती काही आपल्या भल्यासाठी नव्हे, पण कागद आज आपला आहे.

नाव सापडले तरी जागा राहतेच. आपल्यात पूर्वी बहुतेक पुरत. 7 डिसेंबर 1956 ला बाबासाहेबांना दादर चौपाटीवर अग्नी दिला गेला. धम्मदीक्षेनंतर आपल्याकडे दहन वाढले आणि पुरण्याच्या जुन्या जागा मागे पडल्या. तिथे ना क्रॉस, ना समाधी. फार तर एखादा धोंडा. सातबारावर 'स्मशान' अशी नोंद नसेल, तर उद्या तिथे कुणाचाही नांगर फिरेल. म्हणून आम्ही म्हणतो, नमुना 14 सोबत गावचा जुना नकाशाही काढा, आणि वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीला घेऊन त्या जागेवर जा. कोण कुठे पुरला, हे अजून तिला ठाऊक असते.