वजन कमी करताना जेवण बेचव का होते आणि ते चवीचे कसे ठेवावे

वजन कमी करण्यासाठी आहार बदलला की पहिले आठ-दहा दिवस उत्साहात जातात. उकडलेल्या भाज्या, बिनफोडणीचे वरण, काकडीच्या चकत्या असा ‘पथ्याचा’ स्वयंपाक निमूटपणे खाल्ला जातो. मग एखाद्या संध्याकाळी घरात भजी तळली जातात आणि महिनाभराचा बेत तिथेच मोडतो. याला मनाचा दुबळेपणा म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. प्रत्यक्षात दोष बऱ्याचदा ताटाचा असतो. जे जेवण वर्षभर खाता येणार नाही, त्याने उतरलेले वजन जुने जेवण सुरू होताच परत येते. म्हणून चवीचा प्रश्न वरवरचा नाही.

एका चवीपुरते पोट भरते

लग्नाच्या पंगतीत मसालेभातानंतर ‘आता घासभरही नको’ म्हणणारा माणूस जिलेबी आली की दोन सहज घेतो. पोटात जागा नसतेच असे नाही. मसालेभाताची इच्छा संपलेली असते, जिलेबीची नाही. बार्बरा रोल्स, एडमंड रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये याचा अभ्यास केला. एकाच सारणाची सँडविचे मिळालेल्यांपेक्षा चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचे मिळालेल्या लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्ले.

याचा अर्थ असा की विविधता दुधारी आहे. घरात तीन प्रकारचे फरसाण, दोन प्रकारची बिस्किटे आणि डब्यात लाडू असतील, तर प्रत्येकातले ‘थोडेसे’ मिळून बरेच होते. तीच युक्ती भाज्यांच्या बाजूने वापरली, म्हणजे ताटात एका भाजीऐवजी एक पालेभाजी, एक कोशिंबीर आणि एक उसळ असली, तर भाज्याच जास्त खाल्ल्या जातात. वैविध्य कशात आणायचे आणि कशात आणायचे नाही, हे ठरवणे म्हणूनच महत्त्वाचे. गोड आणि तळलेल्या पदार्थांत तोच तोपणा असलेला बरा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही ताटाचा साधारण अर्धा भाग भाज्या-फळांचा धरला आहे. दिवसाला फळे-भाज्या मिळून साधारण ५०० ग्रॅम. बहुतेक मराठी ताटांत भाजी डावाएवढी आणि पोळ्या चार असतात, म्हणजे प्रमाण नेमके उलटे.

तेल किती आणि कुठे

एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ उष्मांक (किलोकॅलरी) मिळतात. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅमातून ४. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ४० मिलिलीटर तेल पोटात जाते. त्याचे ३०० हून जास्त उष्मांक होतात आणि त्यात दाणे, खोबरे, तूप धरलेले नाही. हिशेब करायला सोपा असूनही तो फारसा कुणी करत नाही.

पण तेल शून्यावर आणणे हा उपाय नव्हे. हिंग, जिरे, मोहरी, कढीपत्ता, लसूण यांचे सुवासिक घटक तेलात चांगले उतरतात. पाण्यात उकळलेल्या भाजीला वास येत नाही तो यामुळे. चौघांच्या भाजीला दोन चमचे (१० मिलिलीटर) तेल पुरते, फक्त फोडणी शेवटी वरून द्यावी. भाजी आधी झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची, आणि तडतडलेली फोडणी वाढण्यापूर्वी ओतायची. फोडणीचा वास जेवणापर्यंत टिकतो आणि कमी तेलाची भाजी कमी तेलाची वाटत नाही. वांग्याचे भरीत हे याचे उत्तम उदाहरण: वांगे विस्तवावर भाजताना तेल लागतच नाही, धुराची चव फुकट मिळते. तेच वांगे तेलात परतायला घेतले तर स्पंजासारखे तेल पिते.

आंबट चवीकडेही लोक दुर्लक्ष करतात. आमसूल, चिंच, कैरी, लिंबू, आवळा, टोमॅटो, ताक यांतली प्रत्येक आंबट चव वेगळी आहे, आणि आंबटपणा आला की मीठ व तेल दोन्ही कमी चालते. तुरीचीच आमटी सोमवारी आमसुलाची, बुधवारी चिंच-गुळाची (गूळ बोटभर), शुक्रवारी कैरीची केली तर तीन वेगळे पदार्थ होतात. लोणचे आणि पापड मात्र या यादीत नकोत. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे आणि लोणच्याच्या दोन फोडी त्यातला चांगलाच वाटा उचलतात.

कोरड्या चटण्या चवीला उत्तम. जवस, कारळे, तीळ, शेंगदाणे या सगळ्या तेलबिया आहेत हे मात्र विसरू नये. चमचाभर चटणी जेवण उजळून टाकते. वाटीभर चटणीवर तेल ओतून खाल्ली की ती चटणी न राहता मुख्य पदार्थ होते. खमंग काकडीचेही तसेच. १०० ग्रॅम काकडीत १५ च्या आसपास उष्मांक, आणि तीत घातलेल्या दोन मोठे चमचे दाण्याच्या कुटात १०० च्या आसपास. कूट जाडसर भरडून एक लहान चमचा वरून घातले, तर दाताखाली तेवढेच लागते.

बाजाराचे ऐकावे

वर्षभर कोबी, फ्लॉवर, भेंडी, दुधी एवढ्याच चक्रात फिरले की कंटाळा येणारच. चाकवत, अंबाडी, शेपू, करडई, लाल माठ, चवळई, हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला अशी नुसत्या पालेभाज्यांची यादी महिनाभर पुरेल. पावसाळ्यात कोकण आणि सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या बाजारांत टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, करटोली येतात. शेवळेही येतात, पण त्यांना खाज असते. ती काकडाची फळे किंवा चिंच घालून शिजवतात. ज्यांनी कधी केली नाहीत त्यांनी विकणाऱ्या मावशींना कृती विचारूनच घरी न्यावीत. त्या हसतील, पण नीट सांगतील.

उसळींचेही असेच. मटकी, मूग, चवळी, वाल, हरभरा, मसूर, कुळीथ असे सात दिवसांचे सात प्रकार होतात. प्रथिने आणि तंतू यांमुळे उसळ पोटात जास्त वेळ टिकते, त्यामुळे चार वाजता चिवड्याच्या डब्याकडे पाय वळत नाहीत. मांसाहारी घरांत हे काम अंडी आणि मासे करतात. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले तळलेल्या तुकडीपेक्षा चवीत कुठेच कमी नसते.

भाकरी आणि उपास: दोन समजुती

भाकरी खाल्ली की वजन उतरते असे सर्रास म्हटले जाते. ज्वारी, बाजरी आणि गहू यांच्या पिठांतील उष्मांक जवळपास सारखेच, १०० ग्रॅमला साधारण साडेतीनशे. भाकरीला तेल लागत नाही, ती सावकाश चावावी लागते, हे तिचे खरे फायदे. पण मध्यम भाकरीला साधारण ६० ग्रॅम पीठ लागते आणि लहान फुलक्याला ३०. म्हणजे एक भाकरी दोन फुलक्यांच्या जागी धरायची.

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण तर साबुदाण्याच्या खिचडीसाठीच असावी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा. उपास करायचाच असेल तर ताक, फळे, राजगिरा, काकडी यांवरही होतो. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपास किंवा जेवणात मोठी कपात डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

वेगळा स्वयंपाक कोण करणार

बहुतेक घरांत याचे उत्तर एकच असते, आणि ती व्यक्ती आधीच दोन डबे भरत असते. आहार मोडण्याचे हेही मोठे कारण. शिवाय सगळे मिसळ खात असताना एकट्याने कोपऱ्यात सूप पिणे फार दिवस जमत नाही. भांडे एकच ठेवावे आणि ताट बदलावे. मिसळ असेल तर त्याच पातेल्यातली मटकीची उसळ वाटीभर जास्त, वरची तर्री काढून, फरसाण मूठभराऐवजी चिमूटभर, पाव एक, कांदा-लिंबू हवे तितके. पावभाजीत भाजी दुप्पट, पाव निम्मे, लोणी भाजीत न घालता ज्याने त्याने ताटात घ्यायचे. पिठले-भाकरीच्या दिवशी पिठल्याबरोबर मोठी वाटी भरून मुळ्याची किंवा कोबीची पचडी. रात्रीच पुढच्या दिवसाचे कडधान्य भिजत घातले आणि कोशिंबिरीच्या भाज्या धुऊन ठेवल्या, तर सकाळच्या घाईत बाहेरून काही मागवायची वेळ कमी येते.