होटगी

होटगी : सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव व लोहमार्गाचे जंक्शन. ते सोलापूर शहराच्या आग्नेयीस सुमारे 15 किमी. अंतरावर, सीना व बोरी या नद्यांच्या दरम्यानच्या, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. मुलूख सरहद्दीचा असल्याने मराठी व कन्नड या दोन्ही भाषा येथील घराघरांतून सारख्याच सहजतेने बोलल्या जातात. वीरशैव संप्रदायाच्या बृहन्मठामुळे गावाचे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित असून मठाच्या वतीने शिक्षणसंस्था चालविल्या जातात.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग 1860 मध्ये सोलापुरास पोहोचला आणि 1871 मध्ये रायचूर येथे मद्रास रेल्वेस जाऊन मिळाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1876–78 च्या दुष्काळात मुंबई इलाख्याच्या दक्षिणेकडील जिल्ह्यांत धान्य वेळेवर पोहोचविण्याचे साधन नसल्याने जी प्राणहानी झाली, तिचा अनुभव ताजा असतानाच सदर्न मराठा रेल्वे कंपनी 1882 मध्ये स्थापन झाली व तिने होटगीपासून विजापूर, बागलकोटवरून गदगपर्यंत मीटरमापी मार्ग 1884 मध्ये खुला केला. दोन भिन्न मापांचे मार्ग एकत्र आल्याने एका गाडीतील माल उतरवून दुसरीत भरण्याचे काम ओघानेच आले. ही कंपनी 1908 मध्ये मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेत विलीन झाली. गदगचा मार्ग पुढे रुंदमापी करण्यात आला असून होटगी मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात मोडते.

तथापि होटगीचे खरे वैशिष्ट्य तिच्या भोवतालच्या माळरानात आहे. या पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाऊस सालीना सुमारे साडेपाचशे मिमी. व तोही लहरी पडतो. जमीन कोठे खोल काळी, ज्वारीस उत्तम, तर कोठे पाऊलभर मातीखाली मुरूम लागणारी. आणि या मुरमाड जमिनीवर पवन्या, कुसळी यांसारखी गवते वाढून काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल व माळढोक यांना आश्रय देणारी जी जीवसृष्टी शतकानुशतके नांदत आली, तिला सरकारी दप्तरात पडीक या एका शब्दापलीकडे फारशी जागा मिळाली नाही. झाडे नाहीत म्हणजे जमीन ओसाड, या समजुतीने अशा माळांवर गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडांची लागवड झाली. मोकळ्या गवतावर वावरणाऱ्या पक्ष्यास दूरवर दिसणारे क्षितिज हेच संरक्षण असल्यामुळे या लागवडीने माळाची हानीच केली. सोलापूरच्या उत्तरेस नान्नज येथील माळढोक अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झाले. सोलापूर व अहमदनगर (आता अहिल्यानगर) या जिल्ह्यांत पसरलेले त्याचे मूळ क्षेत्र 8,496 चौ. किमी. होते, ते पुढे सुमारे 1,222 चौ. किमी. करण्यात आले. माळढोक आता तेथे अपवादानेच दृष्टीस पडतो.

गावानजीकच्या होटगी तलावावर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो), पट्टकादंब व चक्रवाक हे पाहुणे पक्षी येतात. हिमालय ओलांडून तिबेट व मंगोलियाकडून उतरणारा पट्टकादंब आणि मध्य आशियातून येऊन माळावर सावज टिपणारे भोवत्ये एकाच सकाळी पाहावयास मिळणे, ही निसर्गप्रेमी प्रवाशास लहानसहान प्राप्ती नव्हे. रोहितांच्या जगात सहा जाती आहेत. त्यांपैकी तीन केवळ दक्षिण अमेरिकेत आढळतात व अँडीजच्या पठारावरील खाऱ्या सरोवरांवर त्यांचे थवे पाहण्यासाठी प्रवासी बोलिव्हिया, चिली या देशांपर्यंत जातात. भारतात दोन जाती असून रोहितपाहणीसाठी महाराष्ट्रीय वाचकास सातासमुद्रापार जाण्याचे कारण नाही. अमेरिका खंडातून आलेल्या वनस्पती मात्र येथे अगोदरच रुजल्या आहेत. तलावांच्या काठचे बेशरम, पाणी झाकून टाकणारी ॲमेझॉन खोऱ्यातील जलपर्णी, पडीत फोफावणारी वेडी बाभूळ आणि शेतातला भुईमूग ही सर्व मूळची अमेरिकेतील होत. पैकी भुईमूग तेवढा शेतकऱ्याने आपलासा केला आणि उरलेल्या तिघी पाण्यावर व माळावर आक्रमण करीत आहेत. प्रसिद्ध अरण्यसाहित्यिक मारुती चितमपल्ली (1932–2025) हे सोलापूरचेच. पक्षी व वृक्ष यांच्या मराठी नावांचे जतन करण्याचे त्यांचे कार्य अशा प्रदेशांच्या अभ्यासकास फार उपकारक आहे.

ज्वारी हे मुख्य पीक. जवळच सिमेंटचा कारखाना असून फताटेवाडी-आहेरवाडी परिसरात 1,320 मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे (संच 2017 व 2019 मध्ये कार्यान्वित).

पक्षिदर्शनास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. सोलापूरहून रेल्वे व रस्ता यांची सोय आहे. शहराचा विमानतळ होटगी रस्त्यावरच असून तेथून 9 जून 2025 रोजी गोव्याची विमानसेवा सुरू झाली. तलावाच्या काठी वाहन नेल्यास थवे उठतात, म्हणून ते दूर उभे करून पायी जावे.